न प्यायलेला काढा

माझ्या मावशीला लॉन्ड्रीत सगळे डागवाली म्हणतात आणि तिला त्याचा राग येत नाही. कुणी 'मॅडम' म्हणून हाक मारली तर ती मागे वळून बघते, आपल्या पाठीमागे दुसरं कोण येऊन उभं राहिलं म्हणून. कपडे धुण्याच्या त्या मोठ्या दुकानात मागची एक खोली आहे. तिथे खिडकीखालच्या टेबलाशी उभी राहून ती कित्येक वर्षं फक्त डाग काढत आली आहे. धुणारे वेगळे, इस्त्रीवाले वेगळे. काउंटरवरची मुलगी कोट, पडदे, ठेवणीतले कपडे आत पाठवते आणि मावशी आधी डागाला नाक लावते. शाई, चहा, गंज, रक्त, औषध. मग कडेकडेनं ओलं करत मध्यावर जाते, कारण मधूनच घासायला घेतलं की डाग पसरतो. तिचा नियम एकच. डाग कशाचा हे विचारायचं, कसा पडला हे विचारायचं नाही.

"लोक आधीच ओशाळलेले असतात गं," ती म्हणते. "त्यात आपण कशाला भर घालायची?"

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे घडलं ते अशा बाईच्याच हातून घडू शकत होतं. दुसरी कुणी पहिल्याच आठवड्यात पकडली गेली असती.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, सरकारी बागेच्या रोपवाटिकेत माळी. माणूस देवभोळा नाही, व्यसनी नाही, वाईट तर मुळीच नाही. पण कुठल्याही गोष्टीत ज्याला कुणी विचारत नाही असा एक माणूस प्रत्येक घरात असतो, तो आमच्याकडे काका. घरातले निर्णय मावशी घेणार, भांडणं माझी आई करणार, आणि काका कुंडीतली माती उकरत बसणार. माझे बाबा त्यांना "काय म्हणतंय खत?" एवढाच प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पेपर उघडायचे. काका हसायचे. आम्हीही हसायचो.

मावशीला अंघोळ करताना छातीत गाठ लागली, तेव्हा कपड्यावरचा डाग सांगावा इतक्या शांतपणे तिनं ते सांगितलं. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, मग केमोच्या सलाइनी सुरू झाल्या. सोबतीला कधी माझी आई, कधी मी. काका पहिल्या वेळी वॉर्डात आले, सुई शिरेत जाताना बघितली आणि उभ्याचे आडवे झाले. नर्सबाई पेशंटला सोडून त्यांच्या तोंडावर पाणी मारत होत्या. घरी आल्यावर माझ्या आईनं ही गोष्ट इतकी रंगवून सांगितली की मावशीलाही, त्या अवस्थेत, हसू आवरेना. तेव्हापासून काका हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत यायचे आणि सायकलींच्या स्टँडपाशी उभे राहायचे. आत यायचे नाहीत.

मग एक दिवस त्यांनी घरी मुळं आणली. रोपवाटिकेत येणाऱ्या कुणा म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, याच दुखण्यावर, अगदी खात्रीचं. कसल्याशा साली, दोन-तीन प्रकारचा पाला, ती मुळं, वरून आलं आणि ज्येष्ठमध. काका ते सगळं निवडायचे, धुवायचे, ठेचायचे, मंद आचेवर आटवायचे. सकाळी कामावर जायच्या आधी एकदा, आल्यावर एकदा. घरभर तो कडवट उग्र वास. काळपट काढा गाळून पेल्यात ओतायचे, मावशीच्या खाटेशी स्टुलावर ठेवायचे, "गरम आहे तोवर घे हं," म्हणायचे आणि निघून जायचे.

पहिला पेला तिनं घेतला आणि आतडी बाहेर पडतील इतकी ओकली. केमोनं तोंडाची चव गेलेली, साधं पाणी लोखंडासारखं लागत होतं, त्यात हे. दुसऱ्या पेल्याच्या नुसत्या वासानं तिला मळमळून आलं. तिनं तो बेसिनात ओतला.

आता काढा म्हणजे काय, झाडाच्या सालीचं पाणी. पांढऱ्या बेसिनात तपकिरी ओघळ सोडून गेला. मावशीच्या अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं, पण डाग दिसला की तिचे हात गप्प बसत नाहीत. तिनं लिंबू फिरवलं, सोडा टाकला, कडेकडेनं घासून बेसिन लख्ख केलं आणि खाटेवर येऊन पडली. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. अशा किती पेल्यांची वाट लावली असेल देव जाणे. काका रिकामा पेला उचलायचे, तो उजेडाकडे धरून बघायचे, आणि त्यांचा चेहरा असा काही फुलायचा की मावशी भिंतीकडे तोंड करायची. वर आम्हाला म्हणायचे, "एवढ्या दुखण्यातही बेसिन किती स्वच्छ ठेवते बघा."

"सांगायचं ना सरळ, मला नाही जात म्हणून," मी नंतर एकदा तिच्यावर चिडले होते.

"कसं सांगू? त्या माणसाकडे मला द्यायला तेवढंच होतं गं."

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारायच्या, बाहेरचं काही घेताय का, काढे, मुळ्या, गोळ्या? सगळंच वाईट असतं असं नाही, पण मला माहीत पाहिजे. मावशी नाही म्हणायची. ते खरंच होतं. तरी प्रत्येक वेळी तिला चोरी केल्यासारखं वाटायचं, कारण त्याच वेळी फाटकाबाहेर उभे असलेले काका उरलेल्या मुळांचा हिशेब मनात मांडत असणार हे तिला ठाऊक होतं.

उपचार संपले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता ठीक आहे, फक्त तपासणीला येत राहा. त्याच दिवशी जिन्यात कुणीतरी काकांना विचारलं, "कसं काय हो, सुटलात म्हणे?" आणि काकांनी काढ्याचं सांगितलं.

त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. त्यांना ते खरंच वाटत होतं. पण गोष्ट बिल्डिंगभर झाली, मग गल्लीत, मग रोपवाटिकेत. लोक विचारायला यायला लागले. कुणाचा गुडघा, कुणाचं पित्त. कुणीतरी थट्टेनं त्यांना वैद्यबुवा म्हटलं आणि महिनाभरात थट्टा गळून नाव उरलं. काका रोज दाढी करायला लागले. इस्त्रीचा शर्ट घालायला लागले. माझ्या बाबांनी तर एकदा पेपर बाजूला ठेवून विचारलं, "अहो, तुमच्या त्या मुळ्यांनी माझी सर्दी जाईल का?" आणि काका दहा मिनिटं बोलत होते. आम्ही सगळे ऐकत होतो! त्यांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच होत होतं.

मावशी स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. विसळलेलीच पुन्हा विसळत होती. लाजेनं आपले कान तापले होते, असं तिनं पुढे मला सांगितलं. नवऱ्याला सगळे मान देतायत आणि तो मान आपण बेसिनात ओतलेल्या पाण्यावर उभा आहे. पण या लाजेनं कुणाचं वाईट होत नव्हतं, म्हणून ती गिळत राहिली.

मग खालच्या मजल्यावरची शिवणवाली वर आली.

ही बाई एकटी राहणारी. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत खाट. गणवेश, उशांचे अभ्रे, उसवलेलं काहीही. बोलायला फटकळ, हाताला चोख. तिच्याही छातीत गाठ निघाली होती, सुईची तपासणी झाली होती, आणि लवकर ऑपरेशन करा म्हणून त्याच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. गाठ लहान आहे, तेवढीच काढून भागेल असंही म्हणाल्या होत्या. पण शिवणवालीनं कुठूनसं ऐकलं होतं की ऑपरेशननंतर हात सुजतो. हात सुजला की मशीन बंद, आणि मशीन बंद झालं की तिला विचारणारं कोण होतं?

ती मावशीसमोर बसली. पलीकडे स्वयंपाकघरात काका काढा ढवळत होते, दार उघडं.

"ताई, मला खरं सांगा. तुम्हाला यानंच गुण आला ना?"

मावशी म्हणाली, "अगं, मी हॉस्पिटलचं सगळं पूर्ण केलं होतं. ऑपरेशन, सलाइनी, सगळं."

"ते सगळ्याच करतात हो. माझी मामी पण करत होती, गेली. तुम्ही हे घेतलं होतं ना?"

आतून काका म्हणाले, "सांग की तिला. एक दिवस चुकवला नाहीस म्हणावं."

ते पळी हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले होते. शर्टाला इस्त्री होती. मावशीनं त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो."

एवढंच. शिवणवाली बाटली घेऊन खाली गेली.

त्या एका शब्दावर मावशीनं किती पांघरुणं घातली! ती ऑपरेशनही करेलच की. काढा जोडीला घेईल, पोटात चार मुळ्या गेल्या तर काय बिघडतं? मी थोडीच ऑपरेशन करू नको म्हटलं? लॉन्ड्रीत टेबलाशी उभी राहून ती हेच घोळवत असायची. त्या दिवसांत तिनं कुणाच्या तरी रेशमी शर्टावरचा साधा चहाचा डाग मधूनच घासायला घेतला आणि शर्टाची वाट लावली. असं आधी कधी झालं नव्हतं.

जिन्यात शिवणवाली दिसली की मावशी तोंड चुकवायची. एक दिवस चुकवता आलं नाही. भाजीची पिशवी घेऊन ती वर येत होती, मावशी खाली उतरत होती. मावशीनं कसंबसं विचारलं, "ऑपरेशनची तारीख मिळाली का?"

"मिळाली होती. गेलेच नाही." शिवणवाली खुशीत होती. "फोन येतात त्यांचे, मी उचलत नाही. भाऊजींचा काढा घेऊन बघते थोडे महिने. गाठ मोठी लागते हाताला, पण भाऊजी म्हणतात, बाहेर पडायच्या आधी रोग तसा फुगतोच. आणि तुम्ही आहात ना डोळ्यांसमोर!"

मावशीनं कठडा धरला. ती मला म्हणाली, "त्या बाईच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल इतका विश्वास होता ना, की मला तिथंच मरून जावंसं वाटलं."

ती कामावर गेली नाही. तशीच वर परत आली. काका बाटली भरत होते, शिवणवालीचीच. मावशीनं आधी त्यांना एकट्याला सांगायचं ठरवलं होतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून पुन्हा शब्द फुटेना, आणि आपण आत्ता थांबलो की उद्याही थांबू, हे तिला कळलं. ती म्हणाली, "चला, मीही येते खाली."

काका खूश झाले. जिना उतरताना बाटली त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

शिवणवालीनं मशीनवरचं कापड बाजूला केलं, स्टूल पुढे सरकवलं. मावशी बसली नाही.

"मी हा काढा घेतला नव्हता," ती म्हणाली. "त्या दिवशी तुला हो म्हटलं ते खोटं होतं. पहिला पेला घेतला, तो ओकले. बाकी सगळा बेसिनात ओतला. मी बरी झाले ती ऑपरेशननं आणि सलाइनींनी. तू उद्या हॉस्पिटलला जा. मी येते तुझ्याबरोबर."

काका हसले. त्यांना वाटलं, काहीतरी गंमत चालली आहे. मग त्यांनी मावशीच्या तोंडाकडे बघितलं.

"सगळा?" त्यांनी विचारलं.

"सगळा."

"पण पेला तर..." म्हणून ते थांबले. बाटली कुठे ठेवावी ते त्यांना समजेना. शेवटी त्यांनी ती मशीनच्या पायाशी ठेवली, पुन्हा उचलली आणि बाहेर गेले.

शिवणवालीनं मावशीला दार दाखवलं. नुसतं बोटानं.

दुसऱ्या दिवशी मात्र ती खाली रस्त्यावर उभी होती, फाइल घेऊन. मावशी गेली. पाठोपाठ काकाही निघाले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. रात्रीत त्यांचं वय वाढल्यासारखं झालं होतं, दाढी केली नव्हती. फाटकाशी ते नेहमीसारखे थांबतील असं मावशीला वाटलं. ते थांबले नाहीत. सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरले, आणि बाई तपासणीला लागणार तेवढ्यात हात जोडून म्हणाले, "यांना औषध मी देत होतो. काय काय घातलंय ते सांगायला आलोय."

त्यांनी एकेक मूळ, एकेक साल सांगितली. किती घ्यायचं, किती आटवायचं. आवाज खोल गेलेला. डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहून घेतलं, मध्ये एकदाही टोकलं नाही, आणि तेच मावशीला फार जड गेलं. मग त्या शिवणवालीला म्हणाल्या, या साली आणि मुळ्या आजपासून बंद. यातल्या काहींचा लिव्हरला त्रास होऊ शकतो, काहींचा आमच्या औषधांशी मेळ बसेल की नाही ते सांगता येत नाही. मळमळीवर थोडं आलं चालेल, पण तेही मला सांगून. त्यांनी काकांकडे वळून विचारलं, "तुमच्या मिसेसनाही तुम्हीच देत होता ना? मग त्या घेत नाहीयेत हे तुम्हाला कधीच दिसलं नाही?"

काकांनी जोडलेले हात सोडले. मग म्हणाले, "मी थांबायचोच नाही. पेला ठेवायचो आणि जायचो. तिला ओकताना मला बघवत नव्हतं."

मावशीला वाटत होतं, एवढे महिने आपण यांना फसवलं. यांच्या भोळेपणाचा फायदा घेतला. फसवायला समोर कुणी बसलेलं तरी असावं लागतं, हे तिला त्या खोलीत कळलं. लाज दोघांनाही वाटत होती, आणि तिसरी, शिवणवाली, खुर्चीत बसली होती, छातीशी फाइल घट्ट धरून, जिला या दोघांच्या संसाराशी काही देणंघेणं नव्हतं.

तपासणीला ती आत एकटीच गेली. बाहेर आली तेव्हा चेहरा कागदासारखा होता. गाठ वाढली होती. आता आधी सलाइनी, मग ऑपरेशन, आणि बहुतेक पूर्णच काढावं लागेल. तेव्हा आली असती तर नुसत्या गाठीवर भागलं असतं.

"तुम्ही हो म्हणाला होतात," ती मावशीला म्हणाली.

"म्हणाले होते. चुकलं माझं."

"तुमचं चुकलं आणि माझं गेलं." ती फटकळच होती, आता तर तिला कुणाची भीड बाळगायचं कारणच उरलं नव्हतं. "मला कुणी नाहीये. दर वेळी सोबत लागणार आहे म्हणाले. माफ-बिफ मी कुणाला केलेलं नाही, पण यायचं तुम्ही. आणि आतमध्ये हे बसतील. एकालाच सोडतात आत. सायकलींपाशी नाही, आत."

काकांनी मान हलवली.

आणि ते बसले. मी स्वतः बघितलं आहे म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. सुई टोचताना त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले, कपाळावर घाम होता, पण खुर्ची सोडली नाही. शिवणवालीला उमळून आलं तेव्हा नर्स यायच्या आत त्यांनी खालचं भांडं उचलून तिच्या हनुवटीखाली धरलं आणि दुसऱ्या हातानं तिचे केस मागे घेतले. ती त्यांच्यावर खेकसली, "नीट धरा." त्यांनी नीट धरलं. भांडं धुऊन आणलं. पुन्हा बसले.

मावशी आणि मी दाराच्या काचेतून बघत होतो. मला वाटलं, मावशीला आता जरा हलकं वाटत असेल. काका शेवटी आत बसले, बाईचे उपचार सुरू झाले, झालेलं थोडं तरी निस्तरतंय. तसं मी तिला म्हटलंही.

तिनं काचेवरची नजर काढली नाही. काकांचा हात शिवणवालीच्या पाठीवरून हळूहळू फिरत होता.

"घरी माझं भांडं मीच धरत होते," ती म्हणाली. मग माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. "मला तिचा हेवा वाटतोय गं. ती बाई माझ्यामुळे तिथं पडलीय, आणि मला तिचा हेवा वाटतोय."